बर्फाने कोरलेली दरी

"बाई, दरी नेहमी खोल नि चिंचोळीच असते का हो?" परवा आमच्या वर्गातल्या एका मुलीने विचारलं.

दोस्तांनो, तिचं काही चुकलं नाही. सह्याद्रीच्या घाटात वाकून पाहिलं की बहुतेक तशीच दरी दिसते. वर रुंद, तळाशी अरुंद, इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखी. ती पाण्यानं कापलेली असते. पण आज मी तुम्हांला नेणार आहे 'यू' आकाराच्या दरीत! दोन्ही बाजूंना उभे डोंगर आणि मधे ऐसपैस, सपाट तळ. ही आहे उत्तराखंडातली, भागीरथी नदीची हरसिल दरी.

ऋषिकेशहून उत्तरकाशीला यायचं आणि गंगोत्रीचा रस्ता धरायचा. वाटेत गंगनानीला गरम पाण्याचे झरे लागतात. इथे दरी अगदी अरुंद, नदी खाली घुमत असते. मग वळणावळणाचा चढ चढून सुक्खी गाव ओलांडलं, की गाडी झाला गावाकडे उतरते. (हसू नका, गावाचं नावच 'झाला' आहे!) आणि अहाहा! दरी एकदम रुंद होते, नदी संथ पसरते आणि उतारांवर देवदारांची हिरवीगार रांग उभी राहते.

हा बदल कुणी केला? हिमनदीने! हजारो वर्षांपूर्वी गंगोत्रीची हिमनदी थेट या झाला गावापर्यंत पोचली होती. आज तिचं तोंड गोमुखाला आहे, म्हणजे इथून सुमारे ४० किलोमीटर मागे. तुम्ही म्हणाल, बर्फ कसा डोंगर कोरेल? एक प्रयोग करा. वाटीत वाळू घालून त्यात पाणी ओता आणि ते गोठवा. मग बर्फाची वाळूची बाजू साबणाच्या वडीवर घासा. पाहा कसे चरे पडतात! हिमनदीच्या पोटातही असेच दगडगोटे असतात. ती हळूहळू सरकते आणि दरीचा तळ व बाजू खरवडत जाते.

बर्फ मागे हटला आणि पुढे जंगल आलं. देवदाराचं लाकूड तेलकट, लवकर न कुजणारं. हाच गुण त्याला भोवला! १९व्या शतकात फ्रेडरिक विल्सन नावाचा इंग्रज इथे राहिला. त्यानं देवदार तोडून ओंडके नदीत सोडले. खाली मैदानात त्यांचे रेल्वेच्या रुळांखालचे स्लीपर झाले. हरसिलची रसाळ सफरचंदंही त्यानंच आणली, असं सांगतात.

हरसिलच्या पुढे जाड गंगेच्या दरीत आहे गरतांग गली. सरळ कड्यालाच ठोकलेली लाकडी वाट! तिबेटशी व्यापार करणारे लोक इथून मालाची ने-आण करत. १९६२च्या युद्धानंतर ती बंद पडली. दुरुस्ती होऊन २०२१मध्ये पर्यटकांसाठी पुन्हा उघडली. खाली पाहिलं की पोटात गोळा येतोच!

मग येतं गंगोत्रीचं मंदिर. इथून गोमुख १८ किलोमीटर, तेही पायी. रोज फक्त १५० जणांना परवानगी मिळते. वाटेवरच्या भोजबासाला भूर्जवृक्षांवरून नाव मिळालं. पूर्वी ज्यांच्या सालीवर ग्रंथ लिहीत, तेच हे वृक्ष. सरपणासाठी ते इतके तुटले, की गिर्यारोहक हर्षवंती बिष्ट यांनी तिथे पुन्हा रोपं लावायला घेतली. आणि हिमनदी? ती अजूनही मागे हटतेच आहे, वर्षाला साधारण १५ ते २० मीटर.

आता एक दुःखाची गोष्ट. हरसिलजवळच धराली गाव. बाजूच्या ओढ्याने, म्हणजे खीर गाडने, वरून आणलेल्या दगडमातीचा तोंडाशी पंख्यासारखा सपाट ढीग झाला होता. जागा सपाट, पाणी जवळ, रस्ताही जवळ. घरं झाली, मग हॉटेलं झाली. ५ ऑगस्ट २०२५ रोजी तोच ओढा चिखल-दगडांचा लोंढा घेऊन आला. समोरच्या मुखबा गावातले लोक शिट्ट्या मारून, ओरडून सावध करत होते. पण काही क्षणांत गावाचा मोठा भाग गाडला गेला. अनेकांचे प्राण गेले. महाराष्ट्रातले पर्यटकही तिकडे अडकले होते.

विचार करण्यासारखी गोष्ट अशी, की धरालीचं कल्पकेदार मंदिर पूर्वीच एकदा ढिगाऱ्यात गाडलं गेलं होतं. खोदून ते बाहेर काढलं होतं. या वेळी ते पुन्हा गाडलं गेलं. म्हणजे ओढ्यानं आपली सही आधीच करून ठेवली होती, वाचायचं राहून गेलं. आणि मुखबा? हिवाळ्यात गंगामाईची मूर्ती जिथे मुक्कामाला येते, ते हे जुनं गाव नदीपासून वर, उतारावर वसलेलं आहे.

म्हणून दोस्तांनो, कुठल्याही दरीत गेलात की फोटो जरूर काढा, पण दोन प्रश्नही विचारा. ही सपाट जागा कुणी तयार केली? आणि तो पुन्हा येईल का? हरसिलला जायचं तर मे महिन्यात किंवा ऑक्टोबरात जा, भर पावसाळ्यात नको. आणि तिथल्या आजोबा-आजींना ओढ्याच्या जुन्या गोष्टी विचारायला विसरू नका. आपल्या गावच्या आजी-आजोबांना तर आजच विचारता येतील, नाही का?