मिशनरी कसा घडतो? नोव्हिशिएटमधील जीवनाची ओळख

पोप पॉल सहावे यांच्या कारकिर्दीत, १९६४ साली, पाचारणासाठी जागतिक प्रार्थना दिनाचा आरंभ झाला. आज हा दिवस पुनरुत्थान काळाच्या चौथ्या रविवारी, म्हणजे उत्तम मेंढपाळाच्या रविवारी, जगभर पाळला जातो. त्या दिवशी आपण सारे धर्मग्रामवासी ‘पीक फार आहे, कामकरी थोडे आहेत’ या प्रभूवचनाचे स्मरण करून नव्या पाचारणांसाठी प्रार्थना करतो. एखादा तरुण मिशनरी होण्यासाठी निघाला की त्याला हार घालून, आशीर्वाद देऊन निरोपही देतो. त्यानंतर मात्र तो आपल्याला दिसतो तो थेट गुरुदीक्षेच्या दिवशी. मधल्या वर्षांत त्याचा दिवस कसा उगवतो आणि कसा मावळतो याची आपल्याला फारशी कल्पना नसते. कोणाला ते जीवन तुरुंगासारखे वाटते, तर कोणाला वाटते की मुलगा आत गेला म्हणजे तो फादर झालाच. या दोन्ही समजुती दूर व्हाव्यात म्हणून येशूसंघाच्या नोव्हिशिएटचे उदाहरण घेऊन आम्ही ही माहिती देत आहोत.

नोव्हिशिएट म्हणजे काय?

धर्मप्रांतीय धर्मगुरू आपल्या बिशपांच्या आधिपत्याखाली विशिष्ट धर्मप्रांतात सेवा करतो. व्रतस्थ मिशनरी एखाद्या संघाचा सभासद होतो आणि दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालन ही तीन व्रते घेतो. काही संघांत यांना आणखी एका व्रताची जोड असते. मिशनरीज ऑफ चॅरिटीच्या धर्मभगिनी गरिबांतील गरिबांची मनःपूर्वक आणि विनामूल्य सेवा करण्याचे चौथे व्रत घेतात. मिशनकार्यासाठी पोपमहोदय जेथे पाठवतील तेथे जाण्याचे विशेष व्रत अनेक येशूसंघीय आपल्या अंतिम व्रतांच्या वेळी घेतात.

व्रते घेण्यापूर्वीचा कसोटीचा काळ म्हणजे नोव्हिशिएट. १९८३ च्या कॅनन लॉनुसार तो किमान बारा महिन्यांचा असावा लागतो आणि उमेदवाराने वयाची सतरा वर्षे पूर्ण केलेली असावी लागतात. येशूसंघात हा काळ दोन वर्षांचा असतो. या काळातील तरुणांना नोव्हिस म्हणतात आणि त्यांची जबाबदारी नोव्हिस मास्टर या अनुभवी धर्मगुरूंवर सोपविलेली असते.

घंटेबरोबर चालणारा दिवस

प्रत्येक घराचे वेळापत्रक थोडेफार निराळे असले तरी दिवसाचा सांगाडा सर्वत्र सारखाच आढळतो. पहाटे घंटा वाजते. आन्हिके उरकून नोव्हिस प्रार्थनेला बसतात. आदल्या रात्री निवडून ठेवलेल्या शुभवर्तमानातील उताऱ्यावर एकांतात मनन होते. त्यानंतर पवित्र मिस्सा आणि न्याहारी.

न्याहारीनंतर हाती झाडू येतो. व्हरांडे झाडणे, शौचालये व न्हाणीघरे धुणे, भांडी घासणे, भाजी चिरणे, बागेला पाणी घालणे ही कामे पाळीपाळीने वाटून दिलेली असतात. पदवीधर असो वा नुकताच बारावी झालेला, काम सर्वांना सारखेच. घरी ज्याने स्वतःचे ताटही कधी उचलले नाही अशा मुलाला सुरुवातीला हे जड जाते. परंतु उद्या एखाद्या आदिवासी पाड्यावर एकट्याने राहायचे असेल, तर स्वतःचे अन्न शिजविणे आणि दुसऱ्याची घाण साफ करण्यात कमीपणा न मानणे, हे दोन्ही त्याला आले पाहिजे.

मग वर्ग भरतात. संघाची घटना, संघाचा इतिहास, व्रतांचा अर्थ, पवित्र शास्त्र, उपासना आणि भाषा हे तेथील विषय होत. येथे पदवी मिळत नाही. दुपारच्या जेवणापूर्वी आणि रात्री झोपण्यापूर्वी आत्मपरीक्षण होते. आज देवाने कोठे हात दिला, आपण कोठे पाठ फिरविली, कोणावर विनाकारण चिडलो, हे नोव्हिस शांतपणे न्याहाळतो. संत इग्नाती लोयोला यांनी या आत्मपरीक्षणाला इतके महत्त्व दिले की दिवसातील इतर प्रार्थना काही कारणाने राहिली तरी हे राहू नये अशी परंपरा संघात रुजली.

दुपारी थोडी विश्रांती, मग अभ्यास किंवा काम, संध्याकाळी खेळ. फुटबॉल वा व्हॉलीबॉलच्या मैदानावर नोव्हिसचा खरा स्वभाव दिसतो, कारण तेथे कोणी चेहरा सांभाळून वागत नाही. त्यानंतर रोजरी, सायंप्रार्थना, रात्रीचे जेवण, गप्पागोष्टी आणि शेवटी रात्रीचे मौन.

या दिनक्रमात मोठा पराक्रम काहीच नाही आणि हीच त्याची कसोटी आहे. निरोपाच्या दिवशीचा उत्साह काही आठवड्यांत ओसरतो. घरची आठवण येते. निरनिराळ्या राज्यांतून आलेल्या, निरनिराळी भाषा बोलणाऱ्या मुलांबरोबर राहताना खटके उडतात. भाजीत मसाला कमी पडला, कोणी रात्री घोरला, कोणी आपली पाळी चुकविली, अशा क्षुल्लक गोष्टींतून प्रेमाची परीक्षा होत असते.

संत इग्नातींच्या सहा कसोट्या

संत इग्नातींनी संघाच्या घटनेत नोव्हिससाठी सहा अनुभव नेमून दिले. पहिला अनुभव म्हणजे सुमारे तीस दिवसांची आध्यात्मिक साधना. पूर्ण मौनात, दिवसातून चार-पाच वेळा प्रार्थना करीत, नोव्हिस स्वतःचे पाप व देवाची करुणा, प्रभू येशूचे जीवन, त्याचे दुःखसहन आणि पुनरुत्थान या टप्प्यांतून जातो. दुसरा अनुभव महिनाभर रुग्णालयात रुग्णांची सेवा करण्याचा. तिसरा महिनाभराच्या यात्रेचा. पैशांवाचून निघायचे, मिळेल ते खायचे आणि मिळेल तेथे झोपायचे. चौथा घरातील हलकी समजली जाणारी कामे करण्याचा, पाचवा मुलांना व साध्याभोळ्या लोकांना धर्मशिक्षण देण्याचा. सहावा अनुभव प्रवचन व पापनिवेदन ऐकण्याचा. तो अर्थातच ज्याच्या त्याच्या पात्रतेनुसार, धर्मगुरूंसाठी. आज या अनुभवांचा कालावधी आणि स्वरूप परिस्थितीनुसार ठरविले जाते, परंतु त्यामागील हेतू तोच आहे.

यात्रेचा हेतू विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. जेवण आणि अंथरूण यांची गैरसोय अंगवळणी पडावी आणि पैशावरील भरवसा देवावर जडावा, म्हणून ती योजलेली आहे. परक्या दारात उभे राहून भाकरी मागताना आपल्या शिक्षणाचा आणि घराण्याचा मान गळून पडतो. पुढे जो गरिबांमध्ये राहणार आहे त्याला मागणाऱ्याच्या मनाची अवस्था ठाऊक असावी लागते.

पाठविले जाण्याची तयारी

हे सारे कशासाठी, याचे उत्तर संत फ्रान्सिस झेवियर यांच्या जीवनात सापडते. हिंदुस्थानात पाठविण्यासाठी प्रथम निवड झाली होती ती त्यांच्या एका सहकाऱ्याची, निकोलस बोबादिल्ला यांची. ते आजारी पडल्याने मार्च १५४० मध्ये झेवियर यांना अगदी अल्प सूचनेवर रोम सोडावे लागले. संघाला पोपमहोदयांची औपचारिक मान्यता मिळाली ती त्यानंतर, २७ सप्टेंबर १५४० रोजी. ६ मे १५४२ रोजी झेवियर गोव्यात उतरले. घंटा वाजताच हातातले काम सोडून उठण्याची नोव्हिसची सवय अशाच एखाद्या दिवसासाठी असते.

मराठी भाषकांना फादर थॉमस स्टीफन्स यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. या इंग्रज तरुणाने १५७५ साली रोम येथे येशूसंघात प्रवेश केला आणि ऑक्टोबर १५७९ मध्ये तो गोव्यास पोहोचला. येथील भाषा त्याने इतकी आत्मसात केली की १६१६ साली त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ प्रसिद्ध झाले. मिशनरी प्रशिक्षणात भाषेला आजही मोठे स्थान आहे, कारण लोकांची भाषा शिकताना मिशनऱ्याला पुन्हा लहान मूल व्हावे लागते.

दार दोन्ही बाजूंनी उघडे

आता एका नाजूक विषयाकडे वळू. नोव्हिशिएटमध्ये गेलेला प्रत्येक जण व्रते घेतोच असे नाही. काही जण स्वतःहून परततात, काहींना संघ परतण्याचा सल्ला देतो. कॅनन लॉनुसार नोव्हिसला केव्हाही मोकळेपणाने संघ सोडता येतो, आणि बळजबरीने, भीतीपोटी वा फसवणुकीने झालेला प्रवेश तर ग्राह्यच धरला जात नाही. अर्थात हा निर्णय मनाच्या लहरीवर सोडलेला नसतो. मन खचलेले असताना पूर्वीचा निश्चय बदलू नये, हा संत इग्नातींचा नियम नोव्हिसला शिकविलेला असतो. प्रार्थना आणि मार्गदर्शन यांच्या आधारे, मन स्थिर असताना तो निर्णय घेतला जातो.

असे असूनही आपल्या गावांत परत आलेल्या तरुणाकडे कसे पाहिले जाते? ‘जमले नाही वाटते’, ‘काय भानगड झाली?’ असे प्रश्न मिस्सेनंतर चर्चच्या आवारातच सुरू होतात. आईवडील खाली मान घालून चालतात. ‘लोक काय म्हणतील’ या धास्तीने एखादा तरुण पाचारण नसतानाही आत राहिला, तर त्याचे दुःख त्याच्यापुरते उरत नाही. ज्यांच्या सेवेसाठी त्याला पाठविले जाईल त्यांनाही ते सोसावे लागते. कसोटीत दोन्ही उत्तरे शक्य असतील तरच ती कसोटी खरी.

वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांचे उदाहरण येथे बोलके आहे. जपानमध्ये त्यांनी अनेक वर्षे येशूसंघीयांना धर्मशिक्षक म्हणून साथ दिली. त्या संघात प्रवेश मिळावा ही त्यांची इच्छा मात्र फळाला आली नाही. त्यांनी काही काळ व्यापार केला आणि पुढे मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात ब्रदर म्हणून दाखल झाले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे त्यांनी ख्रिस्तासाठी प्राण दिले आणि १८६२ साली त्यांना संतपद बहाल करण्यात आले. एक दार उघडले नाही म्हणून त्यांचे पाचारण संपले नव्हते.

आपले कर्तव्य

दोन वर्षांनंतर जो नोव्हिस पहिली व्रते घेतो त्याच्यापुढे अजून मोठी वाट असते. तत्त्वज्ञान, प्रत्यक्ष सेवाकार्याचा काळ, ईशज्ञान आणि गुरुदीक्षा असे टप्पे ओलांडण्यात अनेक वर्षे जातात. ब्रदर म्हणून सेवा करणाऱ्यांचे प्रशिक्षणही दीर्घ असते. या सर्व काळात त्यांना आपल्या प्रार्थनेचा आधार हवा असतो.

आईवडिलांनी मुलाला जाताना एवढेच सांगावे की, ‘तू राहिलास तरी आमचा, परत आलास तरी आमचाच.’ धर्मग्रामाने परत आलेल्यास प्रश्न न विचारता कॉयरमध्ये, युवासंघात, धर्मशिक्षणाच्या वर्गात सामावून घ्यावे. त्याने मिळविलेली प्रार्थनेची आणि कष्टाची सवय हे त्या धर्मग्रामाचेच धन आहे. येत्या पाचारण रविवारी जे आत आहेत त्यांच्या चिकाटीसाठी, जे परतले आहेत त्यांच्या मनःशांतीसाठी आणि जे अजून उंबरठ्यावर उभे आहेत त्यांना देवाची हाक स्पष्ट ऐकू यावी यासाठी आपण सर्व मिळून प्रार्थना करू या.