जुन्या बसच्या चाकाला चकाकती टोपी बसवताय? आधी त्या टोपीखाली काय झाकलं जातंय ते बघा

जुन्नर तालुक्याच्या पूर्व भागातल्या निमगाव सावासारख्या गावात पिढ्यान्‌पिढ्या बाहेरगावी जायचं म्हणजे नारायणगाव गाठायचं, आणि नारायणगाव म्हटलं की एसटी. शाळा, कॉलेज, तालुक्याची कामं, मुंबईला माथाडीत गेलेला चुलता, सगळं त्या लाल डब्यातूनच झालं. त्यामुळं जुनी बस दिसली की इकडच्या माणसाचा जीव अडकतोच.

आता या बस झपाट्यानं कमी होतायत. केंद्र सरकारच्या नियमानुसार 1 एप्रिल 2023 पासून 15 वर्षांहून जुन्या सरकारी गाड्यांची नोंदणी पुढं चालू ठेवता येत नाही, आणि त्यात राज्यांच्या परिवहन महामंडळांच्या बसही येतात. मुंबईत 15 सप्टेंबर 2023 ला बेस्टची शेवटची जुनी डिझेल डबलडेकर धावली. पुण्यात जुन्या बसमध्ये महिलांसाठी ‘ती’ नावाची स्वच्छतागृहं उभी राहिली. हायवेला तर बसची हॉटेलं झालेली तुम्ही पाहिलीच असतील.

म्हणजे जुनी बस विकत घेऊन, दुरुस्त करून, रंगवून उभी करणारे लोक आहेत. असा माणूस रंगकाम संपलं की हमखास चाकांकडं वळतो. बाकी गाडी नव्या नवरीसारखी आणि चाकाच्या मधोमध ग्रीस, गंज आणि नट! मग शोध सुरू होतो व्हील कॅपचा. कुणी त्याला हबकॅप म्हणतं, कुणी चाकाची टोपी.

दिसायला किरकोळ वाटणारी ही वस्तू चुकीची बसवली तर चाक निखळण्यापर्यंत प्रकरण जाऊ शकतं. कसं, ते नीट समजून घेऊ.

ही टोपी आली कुठून?

बैलगाडीचं चाक आठवा. मधोमध लाकडी तुंबा, त्यातून गेलेला आस, भोवती आरे आणि बाहेरून लोखंडी धाव. तुंब्यात वंगण घालायचं आणि चार दिवसांत त्यात धूळ मिसळून काळा चिखल व्हायचा. झाकण नसल्यानं वंगण बाहेर आणि धूळ आत.

मोटारगाडी आली तेव्हा अडचण तीच राहिली. चाकाच्या मध्यभागी, म्हणजे हबमध्ये, बेअरिंग असतं आणि ते ग्रीसवर चालतं. ग्रीस बाहेर पडू नये आणि धूळ-पाणी आत जाऊ नये म्हणून हबच्या तोंडावर एक छोटं धातूचं झाकण आलं. ही मूळ हबकॅप. तिचं काम पूर्णपणे यांत्रिक होतं.

पुढं कंपन्यांनी त्या झाकणावर आपलं नाव कोरलं, मग त्याला क्रोमचा मुलामा दिला आणि हळूहळू झाकण वाढत वाढत आख्ख्या चाकावर पसरलं. बसमध्येही हे झालं. लंडनच्या जुन्या आरटी आणि रूटमास्टर बसच्या मागच्या चाकांवर मोठ्या गोल चकत्या असायच्या, तर पुढच्या चाकांच्या नटांभोवती एक कडं असायचं. त्या कड्यामुळं नट सुरक्षित राहायचे आणि त्यावर पाय ठेवून वर चढताही यायचं.

इथंच एक फरक लक्षात घ्या. हबचं छोटं झाकण ही गरज आहे, चाकावरची मोठी टोपी ही हौस आहे. हौसेसाठी मूळ झाकण काढून टाकलं तर बेअरिंग गेलंच समजा.

आपल्या एसटीच्या चाकावर काय होतं?

एसटीची सुरुवात 1 जून 1948 ला पुणे ते अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) या मार्गावर झाली. सुरुवातीच्या बस बेडफर्डच्या, लाकडी बॉडीच्या आणि काथ्याच्या सीटच्या. त्या काळात ताफ्यात शेवरोलेट, फोर्ड, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल, अल्बियन, लेलँड, कॉमर, फियाट अशा कितीतरी कंपन्यांच्या गाड्या होत्या. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला पुणे-महाबळेश्वर मार्गावर ‘नीलकमल’ आणि ‘गिरीआरोहिणी’ नावाच्या दोन आरामबसही धावल्या. त्यांत पडदे होते, घड्याळ होतं आणि हिरवट काचा होत्या.

इतक्या कंपन्या म्हणजे इतक्या तऱ्हेची चाकं. त्यामुळं ‘जुन्या बसची व्हील कॅप’ अशी एकच एक वस्तू बाजारात मिळत नाही. तुमची बस कुठल्या कंपनीच्या चासीवर आहे आणि कुठल्या काळातली आहे, यावर सगळं ठरतं.

तुमच्या गाडीचं मूळ रूप शोधायचं असेल तर जुने फोटो बाहेर काढा. शाळेच्या सहली, पंढरपूर-आळंदीच्या यात्रा, लग्नाची वऱ्हाडं अशा जुन्या फोटोंत मागं उभी असलेली एसटी बऱ्याचदा सापडते. रोजच्या लाल बसच्या चाकावर त्यात बहुधा रंग आणि नटच दिसतील. तसं असेल तर चाक स्वच्छ करून रंगवणं हीच सगळ्यात अस्सल सजावट. खर्चही कमी आणि धोका शून्य.

पुढचं चाक आणि मागचं चाक वेगळं असतं

टोपी विकत घेताना सगळ्यात जास्त फसगत इथं होते. चार टोप्यांचा सेट आणला, पुढं बसल्या, मागं बसेचनात.

कारण साधं आहे. मोठ्या बसला मागं दोन्ही बाजूंना जोडचाक असतं. दोन टायर पाठीला पाठ लावून बसावेत म्हणून चाकाची डिस्क खोलगट असते. तीच डिस्क पुढं एकेरी बसवली की पोट बाहेर येतं. म्हणजे पुढचं चाक फुगीर दिसतं आणि मागचं खोल ताटासारखं. शिवाय मागच्या चाकाच्या मधोमध एक्सलची फ्लँज आणि तिचे बोल्ट बाहेर डोकावतात. त्यामुळं पुढची टोपी घुमटासारखी लागते आणि मागची वेगळ्या घडणीची.

घेण्याआधी ही मापं कागदावर उतरवा:

• रिमचा व्यास. टायरवर 9.00-20 असं लिहिलेलं असेल तर शेवटचा 20 म्हणजे रिम 20 इंची.

• नटांची संख्या. आजच्या मोठ्या बसना सहसा 10 नट असतात. जुन्यात कमीही सापडतात.

• नटांच्या वर्तुळाचा व्यास. समोरासमोरच्या दोन स्टडच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर. 10 नटांच्या नेहमीच्या चाकात ते 335 मिलिमीटर भरतं.

• हबची उंची. रिमच्या कडेवर एक सरळ पट्टी आडवी धरा आणि हब पट्टीच्या किती बाहेर किंवा आत आहे ते मोजा. टोपी आणि हब यांच्यात बोटभर तरी मोकळी जागा राहिली पाहिजे.

पुढच्या आणि मागच्या दोन्ही चाकांची मापं वेगवेगळी घ्या. जुन्या गाडीत कधीतरी कुणीतरी चाक बदललेलं असतं, म्हणून डावं-उजवंही तपासा.

पत्रा, स्टील की प्लॅस्टिक?

क्रोमचा मुलामा दिलेला पत्रा जुन्या गाडीला सगळ्यात जास्त शोभतो, पण मुलाम्याला ओरखडा गेला की पावसाळ्यात तिथून गंज धरतो. स्टेनलेस स्टील महाग पडतं, पण टिकतं आणि ठोकून सरळही करता येतं. ॲल्युमिनियम हलकं असतं, पण त्याची चमक राखायला पॉलिश लागतं. प्लॅस्टिकची टोपी स्वस्त असते. मात्र बसचा ब्रेक ड्रम घाटात चांगलाच तापतो आणि ती उष्णता प्लॅस्टिकला मानवत नाही. फक्त उभ्या राहणाऱ्या बसला प्लॅस्टिक चालून जाईल.

तयार टोपी मिळाली नाही तर लेथवर पत्रा दाबून गोल आकार देणाऱ्या कारागिराकडून ती बनवून घेता येते. वरची मापं तिथं उपयोगी पडतात.

खरा धोका: नट झाकले जातात

बसचं चाक हबला घट्ट धरून ठेवतात ते फक्त नट. नट सैल झाला तर गाडी त्याची खूण आधी दाखवते. नटाभोवती गंजाचे ओघळ दिसतात, रंगाला भेगा पडतात, कधी नटाखालचा धातू घासून चकचकीत होतो. अनुभवी ड्रायव्हर गाडी काढण्याआधी चक्कर मारतो तेव्हा त्याची नजर हेच शोधत असते. अनेक ट्रक-बसच्या नटांवर पिवळे प्लॅस्टिकचे बाण बसवलेले तुम्ही पाहिले असतील. ते शोभेचे नाहीत. नट जरा फिरला की बाणाची दिशा बदलते आणि लांबूनही कळतं.

आता या सगळ्यावर एक चकाकती टोपी ठेवा. आत काय चाललंय, कुणालाच दिसत नाही.

म्हणून रस्त्यावर धावणाऱ्या बससाठी निवड अशी असावी: एकतर नट उघडे ठेवणारं, भोवतीनं बसणारं कडं, किंवा फक्त मधला हब झाकणारी छोटी टोपी. पूर्ण चाक झाकणारी टोपी हवीच असेल तर ती पान्याशिवाय मिनिटभरात निघणारी असावी आणि प्रत्येक प्रवासाआधी काढून बघायची शिस्त असावी.

एका जागी उभी राहणारी बस असेल, हॉटेल, वाचनालय किंवा शाळेच्या आवारात, तर हौसेला मोकळं रान आहे.

बसवताना कुठं चुकतं?

पहिली चूक: टोपीची पट्टी चाकाच्या नटाखाली दाबणं. बरेच जण नट काढतात, पट्टी ठेवतात आणि वरून नट आवळतात. नट आणि डिस्क यांच्यात परका पत्रा आला की काही दिवसांत तो दबतो आणि नटाची पकड ढिली पडते. नटाखाली रंगाचा जाड थर असला तरी हेच होतं. पट्टी बसवायचीच तर मुख्य नट पूर्ण आवळल्यावर स्टडचे जे आटे बाहेर शिल्लक राहतात त्यांवर, वेगळ्या दुसऱ्या नटानं. तेवढे आटे शिल्लक नसतील तर ही पद्धत सोडून द्या.

दुसरी चूक: लॉक रिंगला क्लिप अडकवणं. जुन्या ट्यूबवाल्या चाकांत टायर रिमवर धरून ठेवायला एक वेगळी लोखंडी रिंग असते. टायरमध्ये हवा असताना ती रिंग प्रचंड दाबाखाली असते. ती उचकटली तर बंदुकीच्या गोळीसारखी उडते. तिच्यात स्क्रू-ड्रायव्हर घालणं, तिच्यावर ठोकणं किंवा तिला भोक पाडणं म्हणजे जिवाशी खेळ. टायरचं काम करणाऱ्या कुठल्याही अनुभवी माणसाला विचारा.

तिसरी चूक: उलटे आटे न ओळखणं. जुन्या ब्रिटिश बनावटीच्या अनेक गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्याचे असतात, म्हणजे ते सैल करायला पाना उलट दिशेनं फिरवावा लागतो. माहीत नसेल तर माणूस नट सोडवतोय असं समजून आणखी आवळत बसतो आणि शेवटी स्टड तोडतो. जोर लावण्याआधी स्टडच्या टोकाशी आट्यांचा कल बघा.

चौथी चूक: हवा आणि वारा दोन्ही बंद करणं. टायरचा वॉल टोपी न काढता हाताशी आला पाहिजे, जोडचाकात तर आतल्या टायरचासुद्धा. चाकाच्या डिस्कमधल्या भोकांतून वारा खेळतो, त्याचा ड्रमला उपयोग होतो. माळशेज घाट उतरताना तो वारा लागतोच, म्हणून टोपीलाही तशी भोकं हवीत.

क्रम असा ठेवा

गाडी सपाट जागी, पुढं-मागं दगड किंवा ठोकळे लावलेले. आधी चाक धुऊन नट, स्टड आणि डिस्क तपासा. डिस्कला भेग असेल तर सजावटीचा विषय तिथंच संपला, चाक बदला. मग नट समोरासमोरच्या क्रमानं, कंपनीनं सांगितलेल्या ताकदीनं, टॉर्क पान्यानं आवळा. त्यानंतर टोपी. तिच्या कडेला रबरी पॅकिंग द्या म्हणजे खडखड होणार नाही. चाक हातानं फिरवून टोपी मधोमध बसली आहे का बघा.

चाक काढून पुन्हा बसवलं असेल तर 50 ते 100 किलोमीटरनंतर टोपी काढून नट परत आवळायलाच हवेत. नव्यानं बसलेलं चाक थोडं ‘बसतं’ आणि नट सैलावतात.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार गाडीच्या मूळ नोंदणीशी विसंगत बदल करता येत नाहीत. साधी टोपी हा काही तसा मोठा बदल नाही, पण चाकाबाहेर सुळे काढणाऱ्या टोकदार टोप्या लावू नका. अरुंद रस्त्यावर कडेनं चालणाऱ्या माणसाच्या पायाला किंवा सायकलवाल्याला त्या फाडू शकतात. बसच्या रुंदीची मर्यादा 2.6 मीटर आहे, हेही लक्षात असू द्या.

जुलै 2021 मध्ये केंद्रानं 50 वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले. नव्या नोंदणीची फी 20 हजार रुपये, आणि अशी गाडी धंद्यासाठी वापरता येत नाही. मात्र नियमांची भाषा दुचाकी आणि चारचाकींची आहे. त्यामुळं सहा टायरची बस घेणार असाल तर पैसे देण्याआधी आरटीओत चौकशी करा.

बैलाच्या अंगावर झूल चढवण्याआधी शेतकरी त्याचे खूर आणि नाल बघतो. बसच्या बाबतीतही तेच करायचं. पहिला खर्च नट, स्टड आणि बेअरिंगवर, दुसरा रंगावर आणि उरलेल्या पैशात टोपी. तुमच्या ओळखीत कुणी जुनी बस घेतली असेल तर टोप्या आणण्याआधी हा लेख त्यांना पाठवा.