विटांचा वीट

मराठी भाषेंत ‘वीट’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक भिंतीची वीट, आणि दुसरा मनाला येणारा वीट. या दोन शब्दांचें मूळ एकच आहे असें मला सुचवावयाचें नाहीं. परंतु एका खेळाच्या पायीं मला या दोन्ही अर्थांचा अनुभव पाठोपाठ आला. ज्या खेळांत ठोकळ्यावर ठोकळा रचून आम्हीं तिघांनीं एक लहानसें गांव उभें केलें, त्याच खेळाचा आम्हांला एके दिवशीं वीट आला. भांडण झालें नाहीं, खेळ बिघडला नाहीं, कोणी हरलेंही नाहीं. हात मात्र तिकडे वळेनासा झाला. असें कां व्हावें? आवडती वस्तु नावडती होते तेव्हां दोष वस्तूचा, कीं मनाचा, कीं आणखी कशाचा? आजच्या भाषणांत या प्रश्नाचा थोडासा उलगडा करण्याचा विचार आहे.

ज्या श्रोत्यांनीं हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठीं प्रथम त्याची ओळख करून देतों. खेळाचें नांव ‘माइनक्राफ्ट’. मार्कस पेर्सन या स्वीडिश गृहस्थानें तो रचून १७ मे २००९ रोजीं लोकांपुढें ठेविला आणि १८ नोव्हेंबर २०११ रोजीं तो पूर्ण स्वरूपांत बाहेर पडला. २०२३ पर्यंत त्याच्या ३० कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या होत्या. संगणकाच्या पडद्यावर दिसणारी ही सृष्टि सगळी चौकोनी ठोकळ्यांची असते. डोंगर, नदी, झाड, गाय, फार काय, आकाशांतला सूर्यसुद्धां चौकोनी! प्रत्येक ठोकळ्याची बाजू एक मीटर धरतात, आणि मध्यापासून चारी दिशांना तीन तीन कोटी ठोकळे जातां येतें. हिशेब केला तर या सृष्टीचें क्षेत्रफळ आपल्या पृथ्वीच्या पृष्ठभागाच्या सुमारें सातपट भरतें.

या एवढ्या विस्तारांत खेळाडू उतरतो तो रिकाम्या हातांनीं. त्यानें झाडाच्या बुंध्यावर मुठी मारून लाकूड काढावें, लाकडाच्या फळ्या कराव्या, फळ्यांची ओबडधोबड कुदळ घडवावी, तिनें दगड फोडावा, दगडाच्या कुदळीनें लोखंड काढावें, आणि लोखंडाच्या कुदळीनें पुढें खोल जमिनींतला हिरा. या उद्योगाला सवड थोडी. कारण तेथील अहोरात्र आपल्या घड्याळाप्रमाणें अवघ्या २० मिनिटांचें असतें आणि सुमारें १० मिनिटांतच सूर्य मावळतीला लागतो. अंधार पडला कीं प्रेतें हिंडूं लागतात, हाडांचे सांगाडे बाण मारतात, आणि ‘क्रीपर’ नांवाचा एक हिरवा प्राणी चाहूल न लागूं देतां जवळ येऊन स्वतःच्या स्फोटानें तुमच्या भिंतीला खिंडार पाडतो. म्हणूनच पहिल्या संध्याकाळीं घाईघाईनें उभारलेलें मातीचें खोपटें, आणि त्यांत पेटविलेला तो एक पलिता, यांचें सुख पुढें बांधलेल्या कोणत्याही राजवाड्यांत मिळत नाहीं.

२०२० सालच्या उन्हाळ्यांत, साथीमुळें शाळा बंद होत्या आणि घराबाहेर पडण्याची चोरी होती, तेव्हां नागपूरचा माझा भाचा, कोल्हापूरची माझी पुतणी आणि पुण्यास मी, असे तिघे या सृष्टींत उतरलों. दरमहा भाडें भरून इंटरनेटवर एक सर्व्हर घेतला, म्हणजे तिघांनाही केव्हांही येतां येईल अशी एक सामाईक जागा केली. वयानें मी वडील, पण विद्येनें कनिष्ठ. “मामा, आधीं लाकूड तोडा, गप्पा मागून!” अशी आज्ञा बारा वर्षांच्या भाच्याकडून होई आणि मी ती निमूटपणें पाळीं. टेकडीच्या उतारावर आम्हीं तीन घरें बांधलीं, घराघरांमध्यें रूळ टाकून गाडी फिरविली आणि खालीं पाण्याच्या कडेला गहूं पेरला. पुतणीला पाट्या लावण्याचा नाद. माझ्या दारावर तिनें पाटी लावली होती, “काकांचें घर. पाय पुसून या.”

दोन वर्षें हा उद्योग जोरांत चालला. मग भाचा येईनासा झाला. त्याच्यामागून पुतणी गेली. मी आठ महिने एकटाच जात राहिलों आणि मनांतल्या मनांत मुलांना कृतघ्न म्हणत राहिलों. भाच्याला विचारलें कीं तो म्हणे, “येतों मामा, रविवारीं नक्की.” रविवार येई, तो येत नसे. पुढें पुढें माझा फोन घेण्याचेंही तो टाळूं लागला. खेळ सुटला याचें दुःख थोडें; पण त्या खेळाबरोबर मुलगाही सुटतो कीं काय, या विचारानें मी अस्वस्थ झालों, आणि या विषयावर विद्वानांनीं काय शोधून ठेविलें आहे तें वाचावयास लागलों.

पहिलें कारण सहज हातीं लागलें. मिहाय चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञानें १९७५ सालीं असा विचार मांडला कीं, कामाची अवघडता आणि करणाराचें कौशल्य हीं तोलास तोल असतात तेव्हांच मनुष्य त्या कामांत देहभान विसरतो. काम कौशल्याच्या मानानें फार अवघड झालें तर चिंता वाटते. फार सोपें झालें तर कंटाळा येतो. आमचेंही तसेंच झालें होतें. पहिला हिरा सांपडला तेव्हां तिघांनीं एकच आरोळी ठोकली होती. पुढें हिऱ्यांची पेटी भरली आणि ती उघडून पाहण्याचेंही कोणास सुचेना. रात्रीचें भय गेलें, भुकेची काळजी गेली, आणि त्यांच्याबरोबर पलित्याच्या उजेडाचें सुखही गेलें. ज्या अडचणी दूर करण्यासाठीं आम्ही इतके झटलों, त्याच अडचणींवर खेळाचा डोलारा उभा होता.

पण एवढ्यानें सारा उलगडा होत नाहीं. तिघांचेंही कौशल्य वाढलें होतें. मग तिघे एकदमच कां गेलों नाहीं? याचें उत्तर मला रिचर्ड बार्टल यांच्या लेखांत सांपडलें. बार्टल आणि रॉय ट्रबशॉ यांनीं १९७८ मध्यें इंग्लंडांतील एसेक्स विद्यापीठांत अनेकांनीं एकाच वेळीं खेळावयाचा संगणकावरील एक आद्य खेळ रचला. पुढें १९९६ सालीं बार्टल यांनीं अशा खेळांतील खेळाडूंचे चार स्वभाव सांगितले. कोणी कांहीं मिळवावयास येतो, कोणी नवें शोधावयास, कोणी माणसांच्या सहवासासाठीं, तर कोणी इतरांवर कुरघोडी करण्यासाठीं. आणि या चारी जाती एकमेकींच्या आधारावर असतात. एकीची संख्या घटली कीं दुसरीवर परिणाम होतो.

हें वाचलें आणि आमचें गांव डोळ्यांपुढें आलें. भाचा शोधकाच्या जातीचा. गुहा, समुद्रतळ, दूरचे बर्फाळ प्रदेश हेंच त्याचें वेड. जगाचा विस्तार सातपट पृथ्वीएवढा असला तरी त्यांतील नवलाचे प्रकार मोजकेच. ते पाहून झाल्यावर पुढचा डोंगर मागच्यासारखाच दिसूं लागला, आणि तो सर्वांआधीं गेला. पुतणी सोबतीसाठीं येई. तिच्या पाट्या वाचावयास दादा उरला नाहीं, तेव्हां तीही गेली. आणि मी? मी रचनाकार. मला वाटत होतें कीं मला कोणाचीच गरज नाहीं. एका बाजूला ठोकळे आणि दुसऱ्या बाजूला मी, एवढ्यावर माझा खेळ चालेल. तो कां चालला नाहीं?

याविषयीं २००८ सालीं प्रसिद्ध झालेला एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. डॅन एरिअली, एमिर कामेनिका आणि ड्राझेन प्रेलेक या संशोधकांनीं लोकांना लेगोच्या तुकड्यांच्या लहान आकृत्या जोडावयास दिल्या. पहिल्या आकृतीस दोन डॉलर, आणि पुढच्या प्रत्येकीस ११ सेंट कमी, असा मोबदला ठरविला. ज्याला पुरे वाटेल त्यानें थांबावें. एका गटांतील माणसांनीं जोडलेल्या आकृत्या समोर मांडून ठेवीत गेले. दुसऱ्या गटांत, माणूस पुढची आकृति जोडीत असतां मागची त्याच्या डोळ्यांदेखत मोडून तेच तुकडे त्याला परत देत. काम तेंच, पैसा तोच. परंतु पहिल्या गटानें सरासरी सुमारें ११ आकृत्या जोडल्या आणि दुसऱ्यानें सुमारें ७ वरच हात आंखडला. आपल्या श्रमाची कोठें तरी नोंद होत आहे, एवढ्या जाणिवेवर माणूस किती तग धरतो पहा!

आमच्या गांवांत माझ्या भिंती कोणी मोडीत नव्हतें. उलट त्या जशाच्या तशा उभ्या होत्या. परंतु त्या कोणी पाहातही नव्हतें. मीं नदीवर नऊ कमानींचा पूल बांधला आणि एकटाच त्यावरून चालत गेलों. परत आलों तेव्हां मला कळलें कीं मीं तो पूल “मामा, हें कसें केलेंत?” या एका प्रश्नासाठीं बांधला होता.

या खेळांत एक बारकावा आहे. पेरलेलें पीक जवळपास कोणी खेळाडू असेल तरच वाढतें. संगणकाचे श्रम वांचविण्यासाठीं केलेली ही योजना आहे. जेथें कोणी नाहीं तेथील सृष्टि थांबून राहते. टेकडीखालचा आमचा गहूं मुलांनीं शेवटचा पेरला तो असाच अर्ध्यावर हिरवा उभा होता. कारण मी पुलाच्या कामावर दूर असें आणि शेताकडे फिरकत नसें. तो वाळला नाहीं, किडला नाहीं, पिकलाही नाहीं. त्याला फक्त कोणाची तरी चाहूल हवी होती.

आतां तिसरें कारण. माझ्या मतें हेंच सर्वांत महत्त्वाचें. या खेळाला शेवट नाहीं. नांवाला एक आहे. दूरच्या एका प्रदेशांत एक अजगरासारखा पंखवाला राक्षस असतो. तो मारला कीं पडद्यावरून मोठा मजकूर सरकत जातो. पण तो संपतांच खेळाडू पुन्हा आपल्या मुक्कामीं येतो आणि खेळ पूर्ववत् चालूं राहतो. याच्याशेजारीं आपला दिवाळींतला किल्ला ठेवून पहा. तोही अनेकांनीं मिळून रचण्याचाच खेळ. दगडविटा गोळा करावयाच्या, गोणपाट पसरून त्यावर चिखल लिंपावयाचा, अळीव पेरून रान उगवावयाचें, वर महाराज आणि पायऱ्यांवर मावळे बसवावयाचे. दिवाळी सरली कीं किल्ला मोडतो. तेव्हां किल्ल्यावरचें आपलें प्रेम आटलें असें कोणी म्हणतो काय? कोणी कोणाला कृतघ्न ठरवितो काय? सणानेंच निरोपाची तिथि ठरवून दिलेली असते, म्हणून मोडण्याचें पाप कोणाच्याच माथीं येत नाहीं.

संगणकावरच्या गांवाला अशी तिथि नाहीं. तेथें शेवट करण्याचें ओझें खेळाडूवरच पडतें, आणि तें उचलण्याचें धैर्य नसल्यामुळें आपण उद्यांचे वायदे करतों, मग तोंड चुकवितों. माझा भाचा माझा फोन टाळीत होता तो प्रेम कमी झाल्यामुळें नव्हे. ‘आतां पुरे’ हे दोन शब्द त्याला म्हणतां येत नव्हते म्हणून. आणि तें त्याला म्हणूं देण्याचें काम माझें, वडील माणसाचें होतें.

फार काय, ज्यानें ही सृष्टि निर्मिली त्यालाही ती सोडावीशी वाटली. पेर्सन यांनीं डिसेंबर २०११ मध्येंच खेळाची मुख्य जबाबदारी येन्स बेर्गेन्स्टेन या सहकाऱ्यावर सोंपविली. २०१४ सालीं मायक्रोसॉफ्टनें अडीच अब्ज डॉलरांस त्यांची मोयांग ही कंपनी विकत घेतली, तेव्हां त्यांनीं कंपनीही सोडली, आणि आपण हें पैशासाठीं नव्हे तर मनःस्वास्थ्यासाठीं करीत आहों असें लिहिलें. कर्त्याला जें चुकलें नाहीं तें बारा वर्षांच्या मुलाला कसें चुकावें?

शेवटीं मींच भाच्याला लिहिलें, “या महिन्याअखेर आपला सर्व्हर बंद करतों आहें. तूं खेळ सोडलास याचा मला राग नाहीं. गांवाची एक प्रत मी माझ्या संगणकांत जपून ठेवीन. शनिवारीं रात्रीं निरोपाला तेवढा ये.” त्या रात्रीं दोघेही आलीं. भाच्याचा आवाज फुटला होता; बोलला तेव्हां क्षणभर ओळखूं आला नाहीं. आम्हीं तीन घरें पाहिलीं, गाडींतून एक फेरी मारली. पुलावर तो थांबला आणि म्हणाला, “मामा, ही कमान कशी जमवलीत?” मग शेताच्या बांधावर उभीं राहून तिघें कितीतरी वेळ बोलत होतों, त्याच्या परीक्षेविषयीं, हिच्या सायकलीविषयीं, खेळाविषयीं मुळींच नाहीं. बोलतां बोलतां पुतणीचें लक्ष गेलें. “काका, गहूं पिवळा व्हायला लागला बघा!”

तेव्हां श्रोतेहो, आपल्या घरांतलें एखादें मूल आवडता खेळ टाकून उठलें तर त्याला चंचल म्हणण्याची घाई करूं नका, आणि आपण स्वतः उठलांत तर स्वतःला दोष देऊं नका. अडचण सरली, नवल सरलें, सोबती पांगले, कीं विटांचा वीट येणारच. फक्त चोरट्या पावलांनीं निघून जाऊं नये. सोबत्यांना बोलवावें, एकदां सारें फिरून पाहावें आणि निरोप घ्यावा. भाच्याचा फोन आतां दर रविवारीं येतो.