मोहरी, जिलेटिन आणि गोमटेश्वर

श्रवणबेळगोळच्या विंध्यगिरीवर मी आजवर चार वेळा चढलो आहे. अनवाणी पायांना त्या खडकात कोरलेल्या सहाशेहून अधिक पायऱ्या सकाळी थंड आणि दुपारी तव्यासारख्या लागतात, हे तेथे गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पहिल्यांदा गेलो तो 1967 च्या महामस्तकाभिषेकाला, आईचे बोट सोडण्याच्या वयात. गळ्यात मामांनी दिलेला अगफा क्लिक थ्री होता. एका रोलमध्ये बारा फोटो. त्यांतला पहिला मी भगवंतांच्या चरणांजवळच्या शिलालेखाचा काढला, कारण शाळेत गुरुजींनी सांगितले होते की तेथे कानडी मुलखात दगडावर मराठी अक्षरे आहेत. फोटो हलला होता. अक्षरांच्या जागी नुसत्या रेघा उमटल्या. तरी तो आईने कित्येक वर्षे पोथीत जपून ठेवला.

1981 चा सोहळा कुटुंबातील अडचणींमुळे हुकला आणि 1993 साली आईचे गुडघे आड आले. डोलीत बसून जायला ती तयार नव्हती. दुसऱ्याच्या खांद्यावर चढून देवाला जायचे, हे तिला पटत नसे. कुंभोजच्या बाहुबलीचे 28 फुटी संगमरवरी बिंब घराजवळ होते, तेथे ती जाई. पण लहानपणापासून मनात घर करून राहिलेला गोमटेश्वर वेगळा. निघताना ती एवढेच म्हणाली, "मला दिसेल असं घेऊन ये."

तोवर मी हौशी छायाचित्रकार म्हणून थोडासा नावारूपाला आलो होतो. चांगला कॅमेरा होता आणि न्हाणीघरात रात्री लाल दिवा लावून मी स्वतः प्रिंट काढीत असे. रंगीत फिल्म परवडत होती, तरी कृष्णधवलाचा अभिमान होता. उटीच्या कारखान्यातली इंदू फिल्म घेऊन डिसेंबरात मी बेळगोळला पोहोचलो. आदल्या दिवशी पहाटे समोरच्या चंद्रगिरीवर चढलो. गोमटेश्वर उत्तराभिमुख आहेत आणि चंद्रगिरी बरोबर उत्तरेला. मध्ये गाव आणि कल्याणी सरोवर. धुक्यातून प्रथम तटावरून डोकावणारे मस्तक दिसले, मग खांदे, आणि उन्हाचा पहिला कवडसा गालावर पडला तेव्हा मी बोट दाबायचे विसरलो. ती एक फ्रेम कायमची राहून गेली. त्याची हळहळ मात्र कधी वाटली नाही.

अभिषेकाच्या दिवशी हळहळ वाटली ती निराळ्या कारणाने. जल, नारळपाणी, उसाचा रस, दूध असे एकेक द्रव्य 57 फुटांवरून ओघळत होते आणि पाषाण दर वेळी नवा होत होता. मग हळदीचे पाणी सुटले. हजारो मुखांतून एकच जयघोष झाला. साऱ्या अंगणात सोने उतरले आणि माझ्या कॅमेऱ्यात कृष्णधवल फिल्म! शिवाय छत्तिसावा फोटो नेमका तेव्हाच संपला. रोल बदलेपर्यंत हळद जाऊन चंदन आले होते.

पण एक फोटो साधला. जमिनीवर जवळजवळ आडवा होऊन, चरणांपासून मुखापर्यंत. पायांपाशी वारुळे, मांड्यांवरून दंडांवर चढलेल्या वेली, ओल्या पाषाणाची चकाकी आणि वर ते अर्धोन्मीलित नेत्र. मागे अभिषेकासाठी उभारलेला मंच दिसत होता. "देवामागे ही परांची कसली?" असे आईने विचारलेच. तरी मी काढलेले वीस इंची प्रिंट तिने देवघरात मांडायला लावले आणि पुढे दहा वर्षे सकाळचे णमोकार त्या फोटोसमोर झाले.

लेक नोकरीनिमित्त न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टरला राहू लागली आणि 2003 च्या शरदात आम्ही उभयता तिच्याकडे गेलो. जाताना न्यूयॉर्क शहरात दोन दिवस थांबलो. मेट्रोपॉलिटन संग्रहालयात पाटणच्या वाडी पार्श्वनाथ मंदिरातला कोरीव लाकडी घुमट आहे. सोळाव्या शतकातला तो घुमट 1916 पासून तेथे आहे. नर्तकी, वादक, दिक्पाल सारे तसेच. खाली शाळेची मुले उताणी पडून फोटो काढीत होती. मीही काढले. देलवाड्याला कॅमेरा दारातच ठेवावा लागला होता तेव्हा मी कुरकुरलो होतो. येथे कोणी अडवले नाही आणि फोटोही उत्तम आले. पण घरी येऊन पाहिले तेव्हा जाणवले की मंदिराच्या त्या घुमटाखाली आता संग्रहालयाची चकचकीत फरशी आहे. देलवाड्याच्या रखवालदाराला मी मनोमन क्षमा मागितली.

छायाचित्रकाराला रोचेस्टर म्हणजे तीर्थच. कोडॅक कंपनी काढणारे जॉर्ज ईस्टमन येथले. त्यांचा ईस्ट अव्हेन्यूवरील वाडा 1949 पासून छायाचित्रणाचे संग्रहालय म्हणून खुला आहे. वाडा बांधून झाल्यावर 1905 मध्ये ते आईला घेऊन येथे राहायला आले. हे वाचून माणूस मला आपला वाटला. मग काचगृहात गेलो, तर भिंतीवर हत्तीचे भले मोठे मस्तक. त्यांनी आफ्रिकेत मारलेल्या हत्तीची ती प्रतिकृती. आमच्या सौभाग्यवती तेथून तडक बागेत निघून गेल्या. मी थांबलो, कारण एक वयोवृद्ध स्वयंसेवक फिल्मची जन्मकथा सांगत होते आणि ती मला ऐकायची होती.

कथा अशी. ओल्या काचपट्ट्यांच्या काळात छायाचित्रकाराला तंबू आणि रसायने बरोबर वागवावी लागत. पट्टी ओली असतानाच फोटो काढून लगेच धुवायचा. 1871 मध्ये मॅडॉक्स नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी जिलेटिनमध्ये चांदीचे क्षार मिसळून पाहिले आणि कोरड्या पट्टीची वाट मोकळी झाली. पाण्यात घातले की जिलेटिन फुगते, त्यातून रसायन चांदीपर्यंत पोहोचते, सुकले की पुन्हा घट्ट होते. असा दुसरा पदार्थ मिळाला नाही. ईस्टमन यांनी 1880 च्या सुमारास अशाच पट्ट्यांचा धंदा सुरू केला, आणि लवकरच एकदा त्यांच्या पट्ट्या अकस्मात बिघडू लागल्या. दोष निघाला जिलेटिनमध्ये. असे का होते याचा उलगडा व्हायला 1920 चे दशक उजाडले. कोडॅकच्या शेपर्ड नावाच्या शास्त्रज्ञांना आढळले की ज्या जिलेटिनमध्ये मोहरीतल्या तिखट तेलाचा अंश असतो, त्याची फिल्म प्रकाशाला अधिक तत्पर असते. गुरांनी कुरणात मोहरी खाल्लेली असली म्हणजे तो अंश त्यांच्या शरीरातून फिल्मपर्यंत येतो. "गाईंना मोहरी आवडली नसती तर सिनेमा झाला नसता," असे म्हणून ते गृहस्थ हसले. सारे हसले.

मी हसू शकलो नाही. जिलेटिन हा शब्द आमच्या घरात परका नव्हता. गुरांची हाडे व कातडी उकळून ते करतात, हे आईला डॉक्टरांपेक्षा आधी ठाऊक होते. औषधाची कॅप्सूल आली की ती टोपण उघडून पूड मधाऐवजी साखरपाण्यात कालवी आणि रिकामी टरफले केरात टाकी. पेपरमिंटच्या गोळ्यांच्या वेष्टनावरचे बारीक अक्षर ती मला वाचायला लावी. आणि मी? माझ्या प्रिंटच्या खोक्यांवर तो शब्द छापलेला असे. पंचवीस वर्षे तो मी वाचत होतो. माहीत नव्हते असे म्हणणे खोटे ठरेल. माहीत करून घ्यायचे नव्हते, हे खरे.

देवघरातला गोमटेश्वर जिलेटिनवर उमटलेला होता.

परतीच्या विमानात हा एकच विचार. सांगावे की न सांगावे? अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईच्या दहा वर्षांच्या नेमाला असा धक्का देऊन काय साधणार? एका विद्वान स्नेह्यांना विचारले. त्यांनी संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी हे हिंसेचे चार प्रकार आणि त्यांतले श्रावकाला कोणते टळत नाहीत, हे समजावून दिले. विवेचन शास्त्रशुद्ध होते. पण कॅप्सूल उघडून पूड काढणाऱ्या हातांसमोर ते मला वकिली वाटले. आठ दिवसांनी एका दुपारी आईला सारे सांगितले.

तिने ऐकून घेतले. पहिला प्रश्न आला तो अनपेक्षित. "मग त्याच्या आधी कशावर काढायचे?" मी सांगितले की त्या काळी कागदाला अंड्यातला पांढरा बलक लावीत. पुढे फ्रान्समध्ये ल्युमिएर बंधूंनी 1907 मध्ये रंगीत काचपट्ट्या विक्रीला आणल्या, त्यांत रंगवलेले बटाट्याच्या पिठाचे कण असत आणि वर पुन्हा जिलेटिन होतेच. आई खुदकन हसली. "हाडं, अंडं आणि बटाटा! तुमच्या धंद्यात काही सोडलंच नाही की रे!"

मग थोड्या वेळाने म्हणाली, "देवघरातून काढ. फेकू नको. सोप्यात लाव. प्रतिष्ठा बिंबाची होते, कागदाची नाही. मीच चुकून त्याला देव केलं. आता आठवण म्हणून राहू दे."

फोटो सोप्यात गेला. आई रोज त्याच्याकडे बघे, पण हात जोडीत नसे. ते न जोडलेले हात मला फार लागले. मी न्हाणीघरातला लाल दिवा काढला. उरलेले कागद मित्राला देऊन टाकले आणि देताना हेही जाणवले की असे दिल्याने माझे हात काही धुतले जात नाहीत.

फेब्रुवारी 2006 च्या महामस्तकाभिषेकाला गेलो तो डिजिटल कॅमेरा घेऊन. या वेळी हळद सापडली, हवी तितकी सापडली. रोल बदलायचा नव्हता, पण पाचशे फोटो काढताना 1993 मधल्या छत्तीस फोटोंइतके एकाग्र होता आले नाही, हेही नमूद केले पाहिजे. घरी येऊन पाहतो तो अडचण तीच. स्टुडिओत मोठे रंगीत प्रिंट काढतात त्या कागदावरही जिलेटिनचाच थर. घरगुती छपाईयंत्राच्या चकचकीत कागदाबद्दल एका कंपनीला पत्र लिहिले, उत्तर आले नाही. चित्रकारांच्या भारी कागदालाही पुष्कळदा जिलेटिनची खळ दिलेली असते. जिकडे जावे तिकडे तेच.

वाट सापडली ती आमच्याच कचेरीच्या आठवणीतून. बांधकाम खात्यात जुन्या पुलांचे निळे नकाशे मी नोकरीच्या पहिल्या वर्षांत हाताळले होते. ती पद्धत 1842 मध्ये सर जॉन हर्शेल यांनी शोधली. तिच्यात चांदी लागत नाही, जिलेटिन लागत नाही. दोन लोहक्षारांचे पाणी लावायचे, अंधारात सुकवायचे, वर निगेटिव्ह ठेवून उन्हात धरायचे आणि साध्या पाण्याने धुवायचे. निगेटिव्ह मी झेरॉक्सच्या दुकानात पारदर्शक प्लॅस्टिकवर काढून आणली. प्रश्न राहिला कागदाचा. दुकानदार कोणत्याच कागदाच्या खळीची खात्री देईना.

आईने आतून पाणी गाळायच्या कापडाचा नवा तुकडा आणून दिला. घट्ट विणीचे, पांढरे सुती. "हे चालेल का बघ. दोनदा उकळून धुतलेलं आहे."

मार्च महिना, कोल्हापूरचे ऊन. गच्चीवर पाटावर कापड ताणून काच ठेवली. पंधरा मिनिटे ती जिन्याच्या दारात खुर्ची टाकून बसली होती आणि काचेवर मुंगी चढली की मला हाक मारीत होती. धुवायला मी नळ सोडला, तर तो बंद करायला लावून तिने गाळलेल्या पाण्याची बादली पुढे सरकवली. "एवढ्यात भागव." पिवळट हिरवा रंग पाण्यात उतरू लागला आणि कापडावर हळूहळू आकृती आली. आधी वेली, मग दंड, सर्वांत शेवटी मुख. दोन ठिकाणी डाग पडले होते आणि डावा खांदा कापडाच्या सुरकुतीत किंचित वाकडा झाला होता. या वेळी परांची मी फोटोत येऊ दिली नव्हती.

दोरीवर वाळत घातल्यावर रंग अधिकच गडद झाला. आई उठून जवळ आली, चष्मा पुसला आणि बराच वेळ बघत राहिली.

"चांगला आलाय," ती म्हणाली. "पण निळा झाला रे. बाहुबली कुठला, हा तर नेमिनाथ वाटतो."