नसलेल्या घराचा पत्ता

लंडनच्या बेकर स्ट्रीटवरील २२१ बी हा पत्ता जगभरच्या वाचकांना मुखोद्गत आहे. परंतु आर्थर कॉनन डॉईल यांनी १८८७ साली शेरलॉक होम्सला तेथे बिऱ्हाड थाटून दिले, तेव्हा त्या क्रमांकाचे घरच अस्तित्वात नव्हते. त्या रस्त्यावरील घरांचे क्रमांक शंभरापर्यंतही पोचत नसत. तरीही मिसेस हडसनचे ते घर आणि त्याच्या सतरा पायऱ्या इतक्या बेमालूम उभ्या राहिल्या की, भालबा केळकरांच्या अनुवादांतून होम्सला भेटलेल्या मराठी वाचकालाही तो जिना ओळखीचा वाटावा.

पुढे १९३० च्या सुमारास रस्त्याचे क्रमांक नव्याने पडले आणि २१९ ते २२९ हे आकडे ॲबी या गृहकर्ज देणाऱ्या संस्थेच्या वाट्याला आले. १९३२ साली तिचे कार्यालय तेथे थाटले गेले आणि होम्सच्या नावाची पत्रे येऊ लागली. कोणी कौतुक करी, कोणी एखादे कोडे उकलून मागे. संस्थेने ती केराच्या टोपलीत टाकली नाहीत. त्यांच्यासाठी तिने खास चिटणीस नेमला. होम्ससाहेब निवृत्त होऊन ससेक्समध्ये मधमाश्या पाळीत आहेत, असे तो अदबीने कळवीत असे.

ही केवळ गंमत होती असे आम्हांस वाटत नाही. होम्सच्या दारी बोहेमियाचा राजा येतो, तसाच गहाणवटीचा दुकानदार येतो, टंकलेखन करून पोट भरणारी मुलगीही येते. वशिला कोणालाच लागत नाही. मामलेदार कचेरीत एका अर्जासाठी खेटे घालणाऱ्यास त्या दाराचे मोल वेगळे सांगावयास नको. स्कॉटलंड यार्ड हाकेच्या अंतरावर असताना लोक एका कल्पित माणसाला का लिहीत, याचे उत्तर आम्हांस येथेच दिसते.

१९९० साली त्याच रस्त्यावर होम्सचे संग्रहालय निघाले आणि पत्रांवर हक्क कोणाचा, यावरून दोन्ही संस्थांत वर्षानुवर्षे तंटा चालला. एकीला तिकिटे विकावयाची होती, दुसरीला लौकिक सोडवत नव्हता. आमचा कौल मात्र निमूटपणे उत्तरे लिहिणाऱ्या त्या चिटणिसाच्या बाजूने आहे. पुढे ॲबीने ती जागा सोडली आणि तंटा मिटला. आता पत्रे संग्रहालयाकडे जातात. त्याच्या दारावर २२१ बी अशी पाटी आहे. शेजारची घरे मात्र २३७ आणि २४१ क्रमांकांची आहेत.