नवा उद्योग आणि गावाचा आधार

तुमच्या गावातल्या एखाद्या पोराने फवारणीचे नवे यंत्र बनवले, तर पुढे तो काय करतो? पुण्याची गाडी पकडतो. असे का व्हावे?

लक्ष्मणराव किर्लोस्करांचेच पाहा ना. बेळगावात सायकलींचे दुकान चालवणाऱ्या या माणसाने पुढे लोखंडी नांगर केला. शेतकरी म्हणत, लोखंडाने जमीन विषारी होते! गिऱ्हाईक मिळेना, त्यात बेळगावची जागाही सोडावी लागली. तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी कुंडलजवळचा माळ दिला, कर्जही दिले, आणि १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी वसली. कल्पना एकाची, पण जागा, पैसा आणि विश्वास दुसऱ्याचा.

आजच्या स्टार्टअपलाही हेच लागते : जागा नि यंत्रे, धीराचे भांडवल, जाणत्याचा सल्ला आणि पहिले गिऱ्हाईक. एक धागा तुटला, की जाळे उसवलेच. २०१८ साली राज्याने स्टार्टअप धोरण केले. त्याच वर्षीच्या स्टार्टअप सप्ताहात निवडक नवउद्योगांना १५ लाख रुपयांपर्यंतची सरकारी कामे देऊ केली. म्हणजे सरकारच पहिले गिऱ्हाईक झाले.

पण बाकीचे धागे जिल्ह्यातच विणायचे आहेत. गुरुजी, शाळेत अटल टिंकरिंग प्रयोगशाळा असेल, तर तिचे कुलूप काढा. साखर कारखान्यातल्या जाणत्या मिस्त्रीला तिथे बोलवा. शेतकरी बंधूंनो, पोराचे यंत्र एक हंगाम आपल्या वावरात चालवून पाहा. बिघडले, तर कुठे बिघडले ते त्याला सांगा. पैशाच्याही आधी त्याला तेच हवे असते.