अंधार रंगवताना

तैलरंग शिकायचे तर अंधारापासून आरंभ करावा, हे मला रेम्ब्रांटच्या एका चित्राने शिकविले. लाकडी फळीवरचे हे १६३२ सालचे चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. आकार जेमतेम २८ बाय ३४ सेंटिमीटर. खिडकीपाशी एक वृद्ध, शेजारी गोल जिना, बाकी सारा काळोख. छापील प्रतीवरून नक्कल करताना मी काळा रंग दूरच ठेवला. अंबर व अल्ट्रामरीन यांचे पातळ थर चढविले. पुढे तडे जाऊ नयेत म्हणून वरच्या थरात जवसाचे तेल अधिक घातले. उजेड मात्र जाड रंगाने दिला. असा काळोख रंगवीत उजव्या कोपऱ्याशी पोहोचलो आणि तेथे विस्तव सारणारी बाई दिसली! वाचकहो, डोळ्यांना चुकवून जाते ते कुंचल्यापुढे लपत नाही.